कोरड्या विहिरीचे पाणी आणि नाताळची टर्की

गोठ्यात जन्म घेणाऱ्या प्रभो, मुक्या जिवांना दाणा देणाऱ्या, तहानेल्या कंठाची कळ जाणणाऱ्या दयाघना, आधी तुझ्या चरणी माथा टेकतो आणि मगच पारूबाईंचे नाव घेतो. त्यांच्या आयुष्यातली ही घटना माझ्या बुद्धीने उकलत नाही. तुझ्यापुढे ठेवूनच ती सांगता येते.

छावणीतल्या काकासाहेबांच्या घरी पारूबाईंनी बत्तीस वर्षे स्वयंपाक केला. भाकरी त्यांची, कालवण त्यांचे. नाताळची टर्की मात्र मालकीणबाई भानुमती स्वतः भाजत. दोन हजार बाराच्या ऑगस्टमध्ये भानुमतीबाई गेल्या आणि काकासाहेबांच्या गळ्याखाली घास उतरेनासा झाला. डिसेंबरपर्यंत अंगावर नुसती हाडे राहिली. डॉक्टरांनी सांगितले, मनाला येईल ते द्या, नाहीतर फार दिवस नाहीत. त्यांनी एकच मागितले: भानूच्या हातासारखी ओलसर टर्की. कोरडे मांस त्यांना गिळवणार नव्हते.

सोयगावला कोंबड्या-टर्की पाळणाऱ्या सांडूने आपल्याकडचा एक पक्षी साफ करून पाठवला. रीत पारूबाईंच्या डोळ्यांखालची होती. आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात बुडवावी, तरच आतून ओली राहते. पण पाणी कुठले? पावसाने पाठ फिरवलेली. शेजारी सात मजली इमारत उठली, तिच्या बोअरने अंगणातली विहीर तीन वर्षांपूर्वीच आटवली. टँकर चार दिवस फिरकला नव्हता.

तेवीस तारखेच्या भर दुपारी रहाट कुरकुरला. पारूबाई बाहेर आल्या. काठावर तांब्याचा हंडा होता, काठोकाठ भरलेला. अंगणात कोणी नव्हते. दोर ओला होता. त्यांनी विहिरीत खडा टाकला. तळातून कोरड्या मातीचा आवाज आला.

त्या वर्षांत वस्तीचा नेम होता: टँकरच्या रांगेत हंडा ठेवला की तोच माणसाच्या जागी उभा, भरल्या हंड्याला मालकाशिवाय हात लावायचा नाही. हा नेम पाळणाऱ्यांत पारूबाई पहिल्या. गरज दारात उभी असूनही त्यांनी इमारतीच्या दारोदार जाऊन विचारले. हंडा कोणाचाच नव्हता. भर उन्हात त्याच्याजवळ उभे राहिले तर पायांना गारठा लागत होता.

शेवटी त्यांनी काकासाहेबांना सांगितले. ते आढ्याकडे पाहत ऐकत राहिले.

“गळ्याशी पोचा आहे का गं?”

“व्हय. डाव्या अंगाला.”

“भानूचा आहे. विहिरीत पडला, त्याला सतरा वर्षं झाली.”

पारूबाई दाराकडे वळून थांबल्या. “मंग, साहेब? मालकिणीला इचारल्याबिगर मी हात लावणार नाय.”

“विचार मग.”

त्या पुन्हा काठाशी गेल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, “बाई, तुमच्याच माणसासाठी पायजे. घेऊ का?” विहिरीतून शब्द आला नाही. रहाट मात्र, वारा नसताना, अर्धा फेरा फिरून थांबला.

त्या पाण्यात मीठ, मिरी, तमालपत्र घालून टर्की बुडवली. फ्रिजचे कप्पे काढून पातेले आत ठेवले. नाताळच्या सकाळी ती निथळून, पुसून, कातडीखाली लोणी सारले, छातीवर लोण्यात भिजवलेले फडके टाकले. दर अर्ध्या तासाला ओव्हन उघडायचा, सुटलेला रस चमच्याने वरून सोडायचा. चौथ्यांदा उघडला तेव्हा फडके आधीच ताज्या रसाने निथळत होते, आणि ओट्यावरचा चमचा चटका बसेल इतका तापलेला होता. पारूबाईंनी फडके सारखे करून ओव्हन लावला. भाजून झाल्यावर, रस मांसात मुरावा म्हणून, त्यांनी टर्की अर्धा तास झाकून ठेवली.

सुरी लागताच पाझर फुटला. काकासाहेबांनी घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. हनुवटीवर ओघळ आला तरी पुसला नाही. ताट संपले, तेव्हा त्यांनी शेजारची खुर्ची मागे ओढली.

“बस, पारूबाई. जेव.”

“त्या खुर्चीत नको, साहेब. बाईंची हाय ती.”

“बस गं. ती आत्ताच उठली.”

पारूबाई बसल्या. बैठक उबदार होती.

प्रभो, विचारल्याविना पाण्याला न शिवलेल्या त्या हातांना बळ दे. काकासाहेबांच्या कंठाला रोजचा घास दे. त्या घरात जे दिसतात आणि जे दिसत नाहीत, त्या सर्वांच्या पंक्तीवर तुझी सावली राहो. आमेन.