बेटावरच्या बँकेचं कार्ड

बोईसरच्या एटीएमने तिसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा तिकडे इस्पितळात माझ्या नवऱ्याचं आतडं फुटलेलं होतं आणि ऑपरेशनचे पैसे भरायचे होते. कार्ड मुलाचं. तो जहाजावर आहे. त्याचा पगार परदेशातल्या कुठल्याशा बेटावरची बँक त्या कार्डावर टाकायची, आणि कार्ड तो माझ्याकडे ठेवून गेला होता. पैसे मी मुद्दामच काढले नव्हते. आमच्या चिंचणीत कुणाकडे पैसा आहे असं कळलं, की होडीवाले भाऊबंद डिझेलला आणि बर्फाला मागायला येतात, आणि त्यांना नाही म्हणायची रीत नाही.

शेजारच्या बँकेतल्या साहेबाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"आजी, ही बँक इथली नाही. तिने पैसे अडकवले तर इथे दाद कोणाकडे मागणार?"

मुलाला फोन लावला. "आई, ती बँकच बंद झालीय. तिथं कोण फोन उचलत नाय," तो म्हणाला.

मग मी धाकट्या दिराला बोलावलं. पैसे लपवले होते ते त्याच्यापासूनच. तो मासळीचे पैसे घेऊन तसाच इस्पितळात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वयनी, दिराला नाय दिलंस, न् जो बघितला पण नाय त्या चोराला राखायला दिलंस!"

ते खरं होतं. पैसे त्याने भरले.

कार्डावरचे पैसे अजून मिळालेले नाहीत. नवरा वाचला.