हंटरच्या शेपटीजवळचा डाग

मंडळी, तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या गेमसाठी मी जुन्या लढाऊ विमानांचे रंग बनवतो. या वेळी आपल्या हवाई दलाचं हंटर विमान घेतलं होतं.

आमच्या गल्लीतले दत्ताकाका हवाई दलात मेकॅनिक होते. कळंबात हे फारसं कुणाला माहीत नाही. त्यांच्याकडच्या हंटरच्या एका जुन्या फोटोवरून महिनाभर काम केलं आणि आज सकाळी लॅपटॉप घेऊन दाखवायला गेलो.

काकांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं.

"लई गुळगुळीत केलंस. शेपटीजवळचा काळपट चौकोन कुठं गेला?"

"काका, तो फोटोवरचा डाग होता. काढून टाकला."

"डाग न्हाय बाबा. तिथला पत्रा बदलला व्हता. तसला रंग मिळंना, म्हणून दोन डबे मिसळून म्याच लावला."

तिथंच बसून मी चौकोन पुन्हा काढला, स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली.

"जरा वाकडा कर," काका म्हणाले. "त्या दिवशी घाई व्हती."

तो वाकडा करून आत्ता घरी आलोय. जुने फोटो साफ करणाऱ्यांनो, एक सांगा. डाग कुठला आणि कुणाच्या हातचं काम कुठलं, हे तुम्ही कुणाला विचारता?