वहिनीचा उजवा हात

सांडगे वाळत घालायला वहिनी शिडीवर चढली आणि शिडीसकट अंगणात आली. दादा तेव्हा भरवेलीच्या खाणीत, पाळीवर होता. आईने आणि मी तिला रिक्षात घालून बालाघाटच्या दवाखान्यात नेलं.

कोपराचा चुरा झाला होता, खालची दोन्ही हाडं मोडली होती. हात एवढा सुजला की हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या. डॉक्टरांनी तिच्या बोटांना चिमटे काढले. तिला कळलंच नाही. आई घाबरू नये म्हणून ते माझ्याशी इंग्रजीत बोलले: ऑपरेशन नागपूरला होईल, पण बांगड्या आत्ताच निघाल्या पाहिजेत. रक्त पोचलं नाही तर हात राहणार नाही.

घरात मी कमीच बोलायची. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, त्यामुळे माझ्या मराठीवर सगळे हसत. तरी मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं, आईच अडून बसेल. अडली वहिनी. तिने सुजलेला हात पोटाशी ओढून घेतला.

"ते खाली खाणीत हायेत," ती म्हणाली. "हात गेला तर जाऊ द्या. मी फोडू नाही देणार."

आईने स्वतःच्या हातातल्या दोन बांगड्या काढल्या आणि वहिनीच्या डाव्या हातात, आधीच्या बांगड्यांवर, चढवल्या. आईचा हात दांडगा. त्या अलगद गेल्या.

"कासारीण नवा चुडा भरताना जुनी बांगडी फोडतेच ना? तवा कोणी रडते का?" आई म्हणाली. "झाला तुहा नवा चुडा भरून. आता जुन्या काढू दे. तुहा नवरा हाय तो, पण माहा पोरगा हाय."

वहिनीने हात पुढे केला. बांगडीखाली ओल्या कापडाची चिंधी सरकवून, कंपाउंडरच्या पकडीने आईनेच एकेक बांगडी फोडली. काचा पदरात गोळा केल्या.

संध्याकाळी दादा खाणीतून थेट दवाखान्यात आला, कपड्यांवर काळी धूळ तशीच. त्याला पाहून वहिनी पहिल्यांदा रडली. त्याच रात्री आम्ही गोंदियामार्गे नागपूरला निघालो.

तिथे हाडांना पट्ट्या आणि स्क्रू बसवले, कोपर तारेने बांधलं. प्लास्टर निघाल्यावर कोपर पूर्ण सरळ होईना. पण हात तोंडापर्यंत जायचा, वेणीपर्यंतही.

घरी आल्यावर आईने कासारणीला बोलावलं. ती वहिनीचा उजवा पंजा दाबून बांगडी चढवत होती. वहिनीने ओठ चावला. बोटांना कळतं का, दुखतं का, असं आईने विचारलं.

"हौ," वहिनी हसत म्हणाली. "लय दुखून राह्यलं."

आईने कासारणीला अजून चार भरायला सांगितल्या.