पालथ्या पेल्याखालचा नंदी

कृष्णवेणी चपला काढायची त्या रस्त्याकडे तोंड करून. निघताना नुसते पाय सरकवायचे आणि चालू लागायचं.

कॉफीचा शेवटचा घोट ती पेल्यात ठेवायची. तळाशी गाळ असतो म्हणायची. गाळ नसायचा.

नवऱ्याचा फोन आला की ती फक्त 'म्' म्हणायची. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. 'म्'.

कामावरून उठताना हातातलं अर्धं काम पाटावर ठेवायची आणि त्यावर स्टीलचा पेला पालथा घालायची.

हसण्याआधी पदर तोंडाशी न्यायची. पण ते तिथे सगळेच करत.

आणि जवळ कुणी मराठी बोलू लागलं की तिचं चावणं थांबायचं. घास तोंडात तसाच. ही सवय श्रीविद्याच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

तंजावरच्या पश्चिम वीथीत, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सुरेंद्ररावांचा नेट्टीचा कारखाना होता. नेट्टी म्हणजे तळ्यात उगवणाऱ्या झाडाचा पांढरा गर. कापसासारखा हलका. त्यातून खांब कोरायचे, शिखर रचायचं, मोठ्या देवळाची हुबेहूब प्रतिकृती करायची आणि ती काचेच्या पेटीत बसवून प्रवाशांना विकायची. त्या खोलीत पंखा होता, पण लावत नसत. जोरात बोलत नसत. शिंक आली तर बाहेर पळत. एका श्वासाने अर्ध्या दिवसाचं काम उडून जायचं.

श्रीविद्या सुरेंद्ररावांची भाची. इंग्रजी साहित्यात एम.ए. करून घरी बसली होती. मामाने तिला बोलावलं ते मायेने नाही. ऑडिटरने त्याला सरकारची एक योजना सांगितली होती. लहान कारखान्याने आधी कुठेही नोंद नसलेली दोन नवी माणसं घ्यायची, ती सहा महिने टिकवायची, मग त्यांच्या पगारातला काही भार सरकार उचलणार. एक श्रीविद्या. दुसरी मिळाली कृष्णवेणी. मार्गळी महिन्यातल्या एका थंड सकाळी दोघींनी फोनसमोर चेहरे धरले, डोळे मिटले, उघडले, आणि नोंद झाली.

संगीतामामी त्या दिवशी कॉफी घेऊन आली. कृष्णवेणीच्या हातात पेला देत ती नवऱ्याला मराठीत म्हणाली, "सहा महिने हिस समईसारखं जपायचं. वारा लागूं द्यायचा नाही. मग बघूं."

आणि तमिळमध्ये कृष्णवेणीला म्हणाली, "साखर पुरे आहे का गं, कण्णू?"

तंजावरच्या मराठी घरांची ही जुनी रीत. कामाच्या माणसांसमोर मनातलं बोलायचं ते मराठीत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गल्लीत ही भाषा कुणाला कळत नाही, ती म्हणजे घराचं आतलं दार. श्रीविद्याही तशीच वाढली होती. तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

कृष्णवेणीच्या हातात कसब फारसं नव्हतं. खांब तिला जमत. प्राणी जमत नसत. तिचा पहिला नंदी सुरेंद्रमामाने दोन बोटांत उचलून उजेडात धरला.

"संगीता, बघ गे. महादेवाने म्हैस पाळली."

"दूध देते कां विचार," मामी म्हणाली.

मामी हसायच्या आधी, मामा हसायच्या आधी, कृष्णवेणीचा पदर तोंडाशी गेला होता. तरी नाकातून श्वास सुटला. पाटावरचे दोन खांब उडाले.

दुपारी मागच्या नळावर श्रीविद्याने तिला गाठलं.

"तुला कळतं," ती तमिळमध्ये म्हणाली.

"काय?"

"म्हैस."

कृष्णवेणी पेला विसळत राहिली. मग म्हणाली, "आई पापनाशमची. तुमच्यातली. बाबांबरोबर निघून आली. बाबा लॉरीवर होते. तिच्या घरच्यांनी तिच्या नावाने अंघोळ केली. मी लहान असताना वारली ती. मला झोपवताना ही भाषा बोलायची, दिवसा नाही. मला सगळं समजतं, विद्या. तोंडात येत नाही."

"आणि समईचं ऐकलंस तेही?"

"पहिल्याच दिवशी."

"मग ती कॉफी पितेस कशी?"

"खोटी असली तरी गरम असते की," कृष्णवेणी म्हणाली. आणि पदर न घेता हसली. नळावर तेवढी मुभा होती.

त्या दिवसापासून दोघी एकत्र जेवू लागल्या. श्रीविद्याच्या डब्यात घरचं असायचं, कृष्णवेणीच्या डब्यात बहुतेक दहीभात. डबे बदलायचे हे न बोलता ठरलं.

कृष्णवेणीच्या डाव्या तळहातावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता. तो ओरत्तनाडुला, सासरी पडला होता. कसा, ते तिने एकदाच सांगितलं. श्रीविद्याने पुन्हा विचारलं नाही. माहेरी परत आली तेव्हा बापाने एकच अट घातली होती. कामावर जाणारी मुलगी घरात असली तर लोकांना उत्तर देता येतं. बसून खाणारी असली तर मी स्वतः नेऊन पोचवीन. तो तसा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त गल्लीची भीती होती.

म्हणजे हा पाट होता तोवर ओरत्तनाडु लांब होतं.

उन्हाळा चढू लागला तसं मामा-मामीचं बोलणंही मोकळं झालं. मामीचा भाऊ साईराम पापनाशमला रिकामा बसला होता. त्याची कुठे नोंद नव्हती. सहा महिने पुरे झाले की हिला काढायचं आणि त्याला बसवायचं.

"पण नोंद हिच्या नांवाची आहे ना?" मामीने विचारलं.

"आकडा खाली गेला नाही म्हणजे झालं, असं ऑडिटर म्हणतो. सरकारास डोकी हवीत. कोणाची, ते नको."

हे कृष्णवेणीच्या डोक्यावरून बोललं गेलं, अगदी शब्दशः. ती खाली वाकून त्याच पहिल्या नंदीचं वशिंड घासत होती. तिचा हात थांबला नाही. चावणं तेवढं थांबलं. तोंडात शेंगदाणा होता.

"आज सोड," नळावर श्रीविद्या म्हणाली. "आत्ताच. त्यांचं सगळं बुडेल. माझंही बुडू दे."

"बुडेल ना. आणि संध्याकाळी बाबा मला मोपेडवर बसवतील."

मग श्रीविद्याला जे सुचलं ते त्यांच्या घरांतल्या कुणालाही सुचलं असतं.

"तू त्यांना सांग. तुझी आई कोण ते. मराठीत सांग. आपली म्हटल्यावर मामा काढणार नाही. आपल्या माणसासाठी ते काहीही करतात. लग्नं जुळवतात, नोकऱ्या लावतात."

"खरंच?"

"अगं, गावात उरलेत किती आपले!"

कृष्णवेणीने नळ बंद केला. मग म्हणाली, "शिकव."

नळापाशी शिकवणी सुरू झाली. वाक्यं तीनच. माझी आई तुमच्यातली. मी इथेच राहतें. मज काढूं नका. 'काढूं' मधला ढ तिच्या जिभेला वळेना. ती काम करताना ओठ हलवायची. शेजारच्या पाटावरून श्रीविद्या ते वाचायची आणि मान हलवायची. बरोबर. चूक. पुन्हा.

आणि तिने दुसरा नंदी घेतला. सांगायचं त्या दिवशी दाखवायलाही काही हवं, असं तिचं मत.

मे महिना आला. कत्तिरीच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात पत्रा तापून कडकड वाजायचा. पंखा बंद. एका दुपारी मामी कॉफी घेऊन आली तेव्हा कृष्णवेणी उठून उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. तीन वाक्यं म्हटली. हळू, सांभाळून, एकही तुकडा न उडवता.

मामीने तिच्यासाठी पेला पुढे केला होता, तो हातातच राहिला.

"कोणाची तूं?" मामीने विचारलं.

"आई अंबा. पापनाशमच्या रंगरावांची मुलगी."

"लॉरीवाल्याबरोबर गेली ती?"

कृष्णवेणीने मान हलवली. तिला वाटलं, ओळख पटली.

मामाच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. "परत बोल गे. शेवटचं. परत बोल."

तिला ते कौतुक वाटलं. ती पुन्हा म्हणाली. मज काढूं नका.

"मस काडु नका," मामाने तिचीच चाल उचलली. "ऐकलंस संगीता? मस काडु नका! अजून एकदा बोल बघूं."

ती अजून एकदा म्हणाली. या वेळी आवाज बारीक झाला होता. श्रीविद्या म्हणाली, "मामा, पुरे." तो थांबला नाही. त्याने आणखी एकदा म्हणायला लावलं.

मामी हसत नव्हती. "म्हणजे म्हैस म्हणालों, तेंही कळलं तुज?"

"ती होतीच म्हशीसारखी, अक्का," कृष्णवेणी तमिळमध्ये म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेला. बाकी कुणी नेला नाही.

मामीने पुढे केलेला पेला मागे घेतला. "घरांत कान लावून बसलेल्या हिस मी इतके दिवस माझ्या हाताने कॉफी दिली," ती म्हणाली. "आईने घर फोडलं. हिने भिंत फोडली."

त्याच दिवशी काढलं असतं तर बरं झालं असतं. पण सहा महिने व्हायचे होते. मुदत पुरी होईपर्यंत तिला ठेवणं भाग होतं, आणि आता जपायचं कारण नव्हतं. तिचा पाट पश्चिमेच्या खिडकीखाली गेला. तिथे दुपारभर ऊन पाठीवर यायचं. कॉफी बंद झाली. ती पाणी प्यायची आणि पाण्याचाही शेवटचा घोट ठेवायची. तिच्यासमोर मामा-मामी इंग्रजीत बोलू लागले. मामीचं इंग्रजी बेताचं. "आफ्टर सिक्स मंथ, फिनिश," ती म्हणायची. ते खोलीतल्या प्रत्येकाला कळायचं.

मामा जाता-येता खिडकीशी थांबायचा. "काय गे, काडु कां नको?"

श्रीविद्याने तिची माफी मागितली. कृष्णवेणी म्हणाली, "तू कशाला? आईची भाषा एकदा तोंडात आली. तेवढं झालं." असं म्हणून ती पुन्हा पाटाशी गेली. अजूनही तिला वाटत होतं, नंदी चांगला झाला तर. तेही तिने बोलून दाखवलं नाही. फक्त रोज घासत राहिली. नंदी म्हशीसारखा राहिला नव्हता. एक खांदा जरा वर होता, पण बसण्यात ऐट होती. आता गळ्यातली घंटामाळ तेवढी उरली होती. तिने मोहरीएवढे मणी कापून ठेवले होते. सुईच्या टोकाने एकेक उचलायचा, डिंकाला टेकवायचा, गळ्यावर ठेवायचा आणि श्वास धरायचा.

मुदत संपली त्या सकाळी मामाने तिच्या बापाला स्वतः फोन लावला. सगळ्यांसमोर. तमिळ अगदी गोड. "काम वाईट नाही, अय्या. पण घरातल्या गोष्टी ऐकते. अशा बाईला कसं ठेवायचं? तुम्हीच सांगा."

बाप दुपारी आला. मोपेड बंद केली नाही. आतही आला नाही.

कृष्णवेणीने सुईवरचा मणी नंदीच्या गळ्यावर ठेवला. श्वास धरला. सोडला. मग रोजच्यासारखा पेला पालथा घातला आणि उठली. श्रीविद्या दारापर्यंत धावली. चपला आधीच रस्त्याकडे तोंड करून होत्या. बोलायला वेळच राहिला नाही.

त्यानंतर श्रीविद्या फोन करायची तेव्हा कृष्णवेणीचा नवरा उचलायचा. "झोपली आहे." सकाळी झोपली आहे. दुपारी झोपली आहे. संध्याकाळी झोपली आहे.

एका रविवारी ती बसने ओरत्तनाडुला गेली. सासू दारातच उभी राहिली. सून शेतावर गेली आहे म्हणाली. उंबऱ्याशी कृष्णवेणीच्या चपला होत्या. त्यांची तोंडं घराकडे होती.

"अनवाणी गेली?" श्रीविद्याने विचारलं.

"जवळच आहे शेत," सासू म्हणाली, आणि दार लोटलं.

सरकारचे पैसे खात्यात आले त्या दिवशी मामीने शिऱ्यासारखी गोड केसरी केली. साईराम नव्या शर्टात खोलीत आला, "काय उकडतंय" म्हणाला आणि त्याने पंखा लावला. खांब, कळस, कमानी, सगळं पांढरं पांढरं हवेत उठलं. मामा ओरडत बटणाकडे धावला. मामीने भावाची बाजू घेतली. नवा आहे, शिकेल.

"मी उद्यापासून येणार नाही," श्रीविद्या म्हणाली.

मामा गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होता. त्याने वर पाहिलं नाही. "नको येऊंस. पहिला हप्ता आला. दुसरं डोकं मिळेल."

ती आपली पिशवी घ्यायला खिडकीपाशी गेली. सगळी खोली उडाली होती, पण पश्चिमेच्या खिडकीखालचा पेला होता तसाच पालथा होता. तिने तो उचलला.

नंदी बसला होता. घंटामाळ डाव्या कानाखालून निघून गळ्याच्या मध्यापर्यंत आली होती. उरलेले मणी पाटावर एका ओळीत होते. सुई आडवी. डिंक वाळून वाटीला चिकटला होता.