‘आजवर कोणीही अभ्यास केलेला नाही’

आज दुपारी माझी विद्यार्थिनी सायली शोधनिबंधाची प्रस्तावना घेऊन आली. विषय मिरकरवाड्याच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे जेलीफिश. पहिल्याच परिच्छेदात वाक्य होतं, ‘यावर आजवर कोणीही अभ्यास केलेला नाही.’

मला संशय आला. निबंधावर माझंही नाव जाणार होतं.

"नक्की कोणीच नाही?"

"दोघांनी केलाय, मॅडम," ती हळूच म्हणाली. "पण ते सांगितलं तर आपलं नवीन काय उरलं?"

"त्यांनी काय बघितलं नाही?"

"लहान होड्या. ते फक्त मोठ्या ट्रॉलरवर गेले."

"अगो, मग हेच लिही ना!"

तिने तिथेच ते वाक्य बदललं. प्रस्तावना आता खरी झाली. पण आधीच्यांचं नाव घेतलं की आपलं काम छोटं दिसतं, ही भीती मुलांना आम्हीच तर शिकवली नाही ना? तुम्हाला काय वाटतं?