एकविसावी गुंज

ब्राह्मणपुरीत कुणाकडे बाळ झालं की पेढ्यांच्या आधी धनुबाईला निरोप जायचा. म्हातारी पाळण्यावर टांगायचं झुंबर करून द्यायची, आणि झुंबर तरी कसं! बांबूच्या कामटीचं कडं, त्याला सात दोरे, दोऱ्यांत कापसाच्या वाळक्या बोंडांची टरफलं, कवड्या, जुन्या पैंजणांतले घुंगरू. शिवाय दर दोऱ्याला तीन गुंजा, लालभडक, डोक्यावर काळा ठिपका. गुंज महाकडक, म्हणून ती रात्रभर भिजवायची आणि तापल्या सुईने आरपार भोक पाडायचं. गुंज टांगली की बाळाला नजर लागत नाही, असं ती सांगायची आणि बाया माना डोलवायच्या. मोबदला घ्यायची नाही, पण मान पुरेपूर वसूल करायची. बारशाला बसायला पहिला पाट तिचा. नाही मिळाला तर वर्षभर टोमणे ऐका.

त्या दुपारी काजलचा फोन आला. काजल गल्लीतलीच पोर, शहाद्याला दिलेली. तिचा कुंदन आठ महिन्यांचा, नुकताच रांगायला लागलेला.

"आजी, काल सांजले झुंबर तुटनं. मणी घरभर सांडनात. वाटीमा भरी ठेयेल शेतस. पुन्हा ववी देशी ना?"

धनुबाईला उलट बरंच वाटलं. नवंच झुंबर करू म्हणून तिने हौसेने मूठभर गुंजा भिजत घातल्या. तेवढ्यात नात चेतना आली. ती शहाद्याला औषधशास्त्र शिकते. तिने वाडगं बघितलं, सुई बघितली, आणि तिचा चेहराच उतरला.

"आजी, भोक पाडेल गुंज धाकला पोऱ्याना हातमा देस का तू? आत जहर ऱ्हास!"

धनुबाई हसली. आपण लहानपणी मूठमूठ गुंजा गिळल्या, काही झालं का, असं म्हणाली. चेतनाने तिला समोर बसवून समजावलं. अख्खी गुंज पोटात गेली तर कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते. भोक पाडलं की आतलं विष मोकळं होतं, आणि तान्ह्याला एकच गुंज भारी पडू शकते. धनुबाईचं हसू तोंडातच राहिलं. काल सांजेला मणी घरभर सांडले होते, आणि पोर रांगत होतं.

काजलचा फोन वाजत राहिला, उचलेना. दोघी मिळेल त्या गाडीने शहाद्याला निघाल्या. 'देवा, माझं काय ते कर, पण पोराला हात लावू नको,' एवढंच म्हातारी वाटभर पुटपुटत होती.

दार उघडलं तर कुंदन ओसरीवर लाटणं आपटत बसलेला. धनुबाईला रडूच फुटलं. पण तिने आधी वाटी मागितली. सात दोरे, तीन-तीन गुंजा, एकवीस. तिने मोजल्या. वीस भरल्या. पुन्हा मोजल्या. वीसच.

घरात कुणाला काही माहीत नव्हतं. काजलची सासू रुखमाबाई चहा टाकत होती. खोटं कशाला बोला, गप्प बसलं तर गावात नाव राहील, हा विचार म्हातारीच्या मनात आला. पण पोर तिच्याकडे बघून बोळकं पसरून हसलं आणि तिच्याच्याने राहवेना.

"काजल, पोऱ्याले दवाखानामा ली चाल. मन्ह्या गुंजास्मा जहर शे."

डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. पोराला दात नाहीत, चावली नसेल, म्हणाले. पण गुंजेला भोक आहे, दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. झालं! पोर रडलं की धनुबाई उठून उभी राहायची, झोपलं की ती नाकाशी बोट धरायची. काजल तिच्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी लंगोटात गुंज सापडली, न फुटलेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, न्या घरी.

रुखमाबाईने पोराची अलाबला घेतली आणि पदराची गाठ पुढे केली. त्यात वीस गुंजा.

"झुंबर व्हतं म्हनीसन पोऱ्या वाची गया. एक नवी टाकीसन ववी दे."

हेच तर धनुबाई घरोघरी सांगत आली होती.

"नजर-बिजर काही नही, रुखमाबाई," ती म्हणाली, तेही साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "लाल रंग चांगला दिखस म्हनीसन टाकेल व्हत्यात. कोन्ही इचारं, तवय तोंडे उनं ते सांगी दिधं."

"तुन्ही मती फिरी गयी. तू नही ववत ते मी ववी लिसू."

रुखमाबाई गाठ खोचायला लागली. धनुबाईने दोन्ही हातांनी ती गाठ धरली आणि सोडेचना. दोघी म्हाताऱ्या ओढाताण करताहेत आणि बाया बघताहेत! तेव्हा काजल उठली. सासूपुढे कधी मान वर न करणारी पोर, पण तिने कुंदनला चेतनाकडे दिलं, सासूच्या पदराची गाठ सोडली आणि गुंजा काढून घेतल्या. मग धनुबाईशेजारी बसून मोबाइल हातात घेतला.

"आखो कोनाकोनाकडे झुंबरं शेतस? सांग, मी फोन लावस."

धनुबाई बोटांवर घरं मोजायला लागली. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी ब्राह्मणपुरीतलीच घरं चालू होती.