मेथीचे देठ

आज सकाळी गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडायला बसलो. बोटांना तो कडसर, हिरवा वास लागला आणि मी थेट मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोचलो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आई अशीच मेथी निवडत बसली होती. मी म्हणालो, "आई, जगण्याला काही अर्थच नाही गं. कशासाठी जगायचं?"

आई घरात कधी हिंदी बोलायची नाही. हिंदी फक्त दारावरच्या भाजीवाल्याशी. मान वर न करता ती म्हणाली, "बैठिए. मेथी तोड़िए."

मी हादरलोच. माझ्या आईने मला परक्यासारखं 'बैठिए' म्हणावं? बसलो. दुपारच्या भाजीत नुसते देठ निघाले, त्याचाही राग मी कितीतरी वर्षं धरून होतो.

हे सगळं आठवत होतो, तेवढ्यात माझा मुलगा समोर येऊन म्हणाला, "पापा, जीने का मतलब ही क्या है?"

त्याच्याशी मी नेहमी मराठीच बोलतो. पण आता मराठीत तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं.

"बैठिए," मी म्हणालो.

मग ताटाकडे लक्ष गेलं. पानं मी कचऱ्यात टाकत होतो आणि देठ जपून ठेवत होतो.